पाठमोरं स्टूल

"बोलते की चांगली. सकाळपासून डोकं खाते माझं," फिटर म्हणाला, आणि हे तो अगदी मनापासून म्हणाला.

समोरच्या बाई दवाखान्यात लोकांना पुन्हा बोलायला शिकवायच्या. मेंदूला झटका आलेली, घशाचं ऑपरेशन झालेली माणसं त्यांच्याकडे यायची. त्यांनी फिटरकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या त्याच्या बायकोकडे पाहिलं. झटक्याने तिचा डावा गाल थोडा ओघळला होता आणि डावा हात मांडीवर कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा पडला होता. पण डोळे लखलखीत होते. तिने नवऱ्याकडे बघून ओठ हलवले, तसा फिटर हसला.

"बघा. म्हणतेय, डोकं असतं तर खाल्लं असतं."

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मला काहीच ऐकू आलं नाही. फिटरला वाटलं, बाईंचे कान गेलेले दिसतात. एवढ्या तरुण वयात हे व्हावं म्हणून त्याला जरा वाईटही वाटलं.

बाईंनी त्याला खोलीबाहेर उभं राहायला सांगितलं. दार थोडं उघडं ठेवलं. आतून बायको हाक मारेल, तेव्हा यायचं. फिटर बाहेरच्या बाकाशी उभा राहिला. भिंतीवरचे तक्ते वाचून झाले, समोरच्या नळाचा वायसर गेलाय हे पाहून झालं, तरी हाक काही येईना. शेवटी त्याने दारातून डोकं आत घातलं. बायको त्याच्याकडेच बघत होती. ओठ हलत होते, कपाळावर घाम आला होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "त्या मघापासून तुम्हाला हाका मारतायत."

मग बाईंनी तोंडापुढे कागद धरून त्याला काहीतरी विचारलं. फिटर कागदाकडे बघत राहिला. बाईंनी कागद खाली घेतला आणि तेच पुन्हा विचारलं, तेव्हा त्याने लगेच उत्तर दिलं. जेवण झालंय का, एवढंच होतं ते.

म्हणजे एकीचा आवाज गेलेला आणि एकाचे कान गेलेले. आणि इतके महिने दोघांचा संसार सुरळीत चाललेला. भांडणंसुद्धा अगदी वेळच्या वेळी होत होती.

हे कसं झालं ते कळायला शेड बघायला हवी होती. आता ती नाही. तिथे मोठं गोदाम झालंय. पण फिटरचं आणि त्याच्या बायकोचं अख्खं तरुणपण त्या विणकामाच्या शेडमध्ये गेलं. लांबच लांब ओळींनी माग उभे असायचे आणि प्रत्येक मागावर आडवं सूत नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाला आपटत धावायचा. सगळे माग एकदम चालू झाले की पायाखालची फरशी थरथरायची, आणि शेजारच्या माणसाच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी त्याला फक्त गरम हवा लागायची. त्यामुळे शेडमधली माणसं आवाज काढायच्या भानगडीतच पडत नसत. तोंड मोठं करून, ओठ नीट वळवून बोलायचं आणि समोरच्याने डोळ्यांनी ऐकायचं. नवा माणूस थोड्या दिवसांत ही ओठांची बोली शिकायचा. शेडमधली माणसं लग्नसमारंभात लगेच ओळखू यायची. हॉलच्या दोन टोकांना बसून ती यजमानांच्या देखत यजमानांची निंदा करायची आणि यजमान त्यांना आग्रह करत फिरायचे.

फिटर माग दुरुस्त करायचा. ती धोट्यात बसणाऱ्या लहान लाकडी कांड्यांवर सूत भरायची. म्हणून तो तिला कांडीवाली म्हणायचा, आणि लग्नानंतरही म्हणत राहिला. शेडमध्ये काहीही सांगायचं तर आधी समोरच्याची नजर मिळवावी लागायची, नाहीतर सगळंच वाया. एकदा एका मागाचं सूत तुटून गुंता होत चालला होता आणि फिटर पाठमोरा बसून दुसऱ्याच मागाला तेल देत होता. तिने रिकामी कांडी उचलून त्याच्या पाठीत मारली. तो चिडून वळला. तिने बोट स्वतःच्या तोंडाकडे नेलं आणि ओठांनी म्हणाली, "इकडे बघ." मग म्हणाली, "आता तिकडे बघ." तिने त्याला उद्देशून काढलेले ते पहिले शब्द.

शेडमध्ये सगळेच एकमेकांना अरे-तुरे करायचे. ओठ आखडून अदबीने बोलायला वेळ कुणाला होता? घरी आल्यावर ती त्याला "अहो" म्हणायची, चारचौघांत "तुम्ही" म्हणायची. पण दिवाणखान्यात पाहुणे बसलेले असताना स्वयंपाकघराच्या दारातून ओठांनी जे काही म्हणायची, त्यात तो कायम "तू"च असायचा. "तू आता गप्प बस" हे त्याने जन्मभर पाहिलं होतं. ऐकलं मात्र एकदाही नव्हतं.

तिचा आवाज त्याने पहिल्यांदा ऐकला तो शेडच्या फाटकाबाहेर. ओळख होऊन बरेच दिवस झाले होते, पण ते सगळं आतलं, बिनआवाजाचं. त्याने मनाशी एक नाजूक, किणकिणता आवाज ठरवून टाकला होता. ती फाटकाबाहेर येऊन म्हणाली, "चहा घेणार का?" आणि तो आवाज इतका जाडाभरडा होता, की फिटरने दचकून मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "कोण बोललं?" ती गोष्ट तिने पुढे येईल त्याला सांगितली. लेकीला सांगितली, जावयाला सांगितली, दवाखान्यात नर्सलाही सांगितली असती.

सांगितली असती, पण आता आवाज नव्हता.

बाईंनी फिटरला समजावून सांगितलं. आवाज पुरता गेलेला नाही, दडी मारून बसलाय. झटक्यानंतर स्नायू ढिले पडले, आवाज फाटका निघायला लागला, यांना त्याची लाज वाटली असणार. यांनी ओठांवर भागवायला सुरुवात केली आणि तुम्हाला सगळं कळत गेलं. कळलं नसतं तर यांनी धडपड केली असती. तेच स्नायू घास गिळायलाही लागतात. आज आवाज नाही, उद्या पाणी पिताना ठसका लागेल, ते पाणी छातीत जाईल. एवढं सांगून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही यांना फार छान समजून घेता, काका. अडचण तीच आहे. उद्या तुम्ही नसलात तर यांचं कोण समजून घेणार?"

फिटरला लेक आठवली. ती दुसऱ्या शहरात राहायची. कितीतरी दिवस ती फोनवर ओरडून ओरडून विचारत होती, आई माझ्याशी का बोलत नाही? फिटर फोन बायकोच्या तोंडाशी धरायचा, ती ओठ हलवायची, आणि तो लेकीला म्हणायचा, "ऐकलंस ना?" लेकीला पलीकडे नुसता श्वास ऐकू यायचा. आजारपणात आपण जास्त दिवस राहिलो नाही म्हणून आईने अबोला धरलाय, असं तिने मनाशी धरलं होतं. ती एकदा फोनवर रडली होती, आणि फिटरला तेही नीट ऐकू आलं नव्हतं.

बाईंनी भलंमोठं काही सांगितलं नाही. एकच सवय लावायची. सकाळचा पहिला चहा. तो आवाजात मागितल्याशिवाय द्यायचा नाही, आणि मागेपर्यंत त्यांच्याकडे बघायचं नाही. आणि तुम्ही उठल्या उठल्या, चष्मा घालायच्या आधी, कानातलं यंत्र घालायचं. बस. मोठमोठे संकल्प आठवड्यात मोडतात, त्या म्हणाल्या, रोजची एवढीशी गोष्ट टिकते.

हे फिटरला फार पटलं. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. चांगला माग एका दिवसात मोडत नाही, रोजचा तेलाचा थेंब चुकला की मोडतो, हे तो नव्या पोरांना सांगून सांगून थकला होता. त्याने कानातलं यंत्र घेतलं. पूर्वी लेकीने आणून दिलेलं एक त्याने टीव्हीच्या मागे टाकून दिलं होतं, कारण त्यातून जगाचा नुसता कचरा ऐकू येतो असं त्याचं मत होतं. शेड बंद झाली तेव्हा त्याने आपलं बसायचं लोखंडी स्टूल घरी आणलं होतं. ते त्याने पलंगाशेजारच्या खिडकीपाशी ठेवलं, तोंड खिडकीकडे, पाठ पलंगाकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची किटली टेबलावर ठेवली, यंत्र कानात घातलं, आणि जाऊन बसला.

खिडकीतून समोरच्या इमारतीचा लोखंडी जिना दिसायचा आणि वाळत घातलेले कपडे. मागे आधी काहीच झालं नाही. मग चमचा पलंगाच्या दांडीवर वाजला. फिटर हलला नाही. चमचा जोरात वाजला. नव्या यंत्रातून तो असा वाजला, की त्याला वाटलं आपल्या दाढेतच कुणी हातोडी घातली. तरी तो हलला नाही. थोड्या वेळाने चमचा फेकल्याचा आवाज आला. किटली निवली. शेवटी त्यानेच हार खाल्ली, वळला आणि चहा पुन्हा गरम केला. त्या दिवशी ती दुपारपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. म्हणजे ओठ हलवले नाहीत.

असे बरेच दिवस गेले. त्याला चहाची तलफ यायची, पण तिने घेतल्याशिवाय घ्यायचा नाही असं त्याने स्वतःपुरतं ठरवलं होतं. मग एकदा, बाहेर पुरतं उजाडलं नसताना, त्याच्या लक्षात आलं की खिडकीच्या काचेत ती दिसतेय. दिव्याच्या उजेडात पलंग, उशी, तिचा चेहरा, सगळं काचेत उमटलं होतं. तो काचेतून तिचे ओठ वाचू लागला. ती त्याला एकेक शिवी सावकाश, चवीने घालत होती. तो खांदे न हलवता हसला, पण तिने ते ओळखलंच. काचेतल्या कांडीवालीने बोट नाचवलं आणि म्हणाली, "चोर." फिटर खो खो हसत वळला आणि त्याने चहा ओतला. बाईंना त्याने हे सांगितलं, तर बाईंनी त्याला रीतसर झापलं. तेव्हापासून तो खिडकी उघडून बसू लागला. गार वारा तोंडावर यायचा, पण काच नसायची.

आणि मग एका सकाळी आवाज आला.

गंजलेलं दार कुणी खांद्याने ढकलावं, तसा. "ओ." फिटरला वाटलं, यंत्रच कुरकुरलं. तो तसाच बसून राहिला. "अ... ओ." तिने "अहो" म्हटलं होतं. अर्धं ओठात अडकलं होतं, पण ते अहोच होतं. तो इतक्या घाईने वळला की स्टूल कलंडलं. तिचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि ओठांनी ती म्हणत होती, "शी. काय हा आवाज." फिटर दाराकडे गेला, दारामागे पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "कोण बोललं?"

ती हसली. हसण्यालाही आवाज होता.

त्यानंतर शब्द एकेक करून परत येऊ लागले. चहा. पाणी. नको. गरम. ते सगळे फाटके, ओले आणि जड होते, तिचा मूळचा आवाज उन्हात विटून परत आल्यासारखे. बाई म्हणाल्या, छान चाललंय, आता चहापुरतं ठेवू नका, दिवसभर करा. नुसत्या ओठांना उत्तर द्यायचं नाही. फिटरने ते इतकं कडक पाळलं की बाईंनाही वाटलं नसेल. एकदा नीट लावलेला माग पुन्हा हलवायचा नाही, हा त्याचा स्वभाव. ती ओठ हलवू लागली की तो मान फिरवायचा. जेवताना ताटात बघायचा. तिला आंघोळ घालताना नळाकडे बघायचा. केस विंचरताना तर तो मागेच असायचा.

मग लेकीला फोन झाला. फिटरने स्पीकर लावून फोन तिच्यापुढे धरला. तिने बराच वेळ जीव गोळा केला आणि म्हणाली, "जेव-लीस?"  पलीकडून लेक म्हणाली, "आई, पुन्हा म्हण ना." तिने पुन्हा म्हटलं. यावेळी लेक रडली ती फिटरला नीट ऐकू आली.

त्या संध्याकाळी तो मजेत होता. तिला भरवत असताना ती मध्येच थांबली. तिने त्याचा हात धरला आणि एकेक शब्द उचलून आणत म्हणाली, "तू... आता... बघत नाहीस." आवाजात तिने त्याला तू म्हटलेलं तो पहिल्यांदाच ऐकत होता. त्याला ते थट्टेसारखं वाटलं. तो ताटाकडे बघतच म्हणाला, "ऐकतो ना आता. यंत्र घातलंय एवढं."

"ऐकणं... निराळं," ती म्हणाली.

 पुढच्या खेपेला त्याने हे बाईंच्या कानावर घातलं. बाई जरा विचारात पडल्या. म्हणाल्या, अजून थोडे दिवस, गिळणं एकदा पक्कं होऊ दे, मग हळूहळू सैल करू. तुम्ही दोघांनी फार केलंय, काका. फिटर घरी येऊन तिला म्हणाला, थोडेच दिवस गं. हे सांगतानाही तो औषधाची बाटली उघडत होता.

महिन्याभरात लेक राहायला आली. आईचा आवाज तोंडासमोर बसून ऐकायचा होता तिला. फिटरने पहिल्याच दिवशी तिला घरचा कायदा ऐकवला. नुसते ओठ हलवले तर कुणी ओ द्यायची नाही, लाड नाहीत. लेकीला तशीही ओठांची बोली येत नव्हती. लहानपणी आईबाबा समोरासमोर बसून आपल्याला न कळणारं काहीतरी बोलतात आणि हसतात, एवढंच तिला आठवत होतं. त्याचा तिला तेव्हा राग यायचा. आता मात्र आई तिच्याशी आवाजात बोलत होती. ती जवळ जाऊन बसायची आणि आईला उगाचच काहीबाही विचारत राहायची.

त्या सकाळीही सगळं रोजच्यासारखंच होतं. फिटर कानात यंत्र घालून उघड्या खिडकीशी बसला होता. समोरच्या जिन्यावर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. किटली टेबलावर होती. लेक पलंगावर आईसमोर बसून तिची नखं कापत होती. आईने तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या खांद्यावरून खिडकीकडे पाहिलं आणि ओठ हलवले.

"आवाजात, आई," लेक म्हणाली. "बाबा चहा द्यायचे नाहीत हं."

ओठ पुन्हा हलले. लेकीने हसून नकारार्थी मान हलवली. फिटर खिडकीतून बाहेर बघतच म्हणाला, "लाड करू नकोस. येतंय तिला. नाटकं करते." आणि तो वाट बघत राहिला. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. घरात लेक होती, वारा गार होता, आणि आता कुठल्याही क्षणी मागून "अहो" येणार होतं. आजकाल तो त्या "अहो"ची वाट अशी बघायचा, जशी तरुणपणी फाटकाबाहेर बघत असे.

नेलकटर फरशीवर पडल्याचं त्याने ऐकलं. मग लेकीचं "आई?" ऐकलं. ते ज्या सुरात आलं, त्याने तो वळला.

तोवर ओठ थांबले होते.

दवाखान्यात नेलं. ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, दुसरा झटका मोठा होता, तो आल्यावर आवाज निघणंच शक्य नव्हतं. थोडं आधी आणलं असतं तरी फारसा फरक पडला नसता. बोलायला शिकवणाऱ्या बाई भेटायला आल्या, त्यांनीही तेच सांगितलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. फिटरने त्यांनाच धीर दिला. तो यंत्रं दुरुस्त करणारा माणूस होता. आतला दांडाच तुटल्यावर वरून तेल घालून उपयोग नसतो, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. तुमचं काही चुकलं नाही, असं तो बाईंना म्हणाला, आणि ते त्याला खरोखरच पटलेलं होतं.

राहिलं होतं ते वेगळंच. ती काय म्हणत होती?

ते वाचू शकणारा एकच माणूस जगात होता, आणि तो सतरंजी बघत बसला होता.

येणारे-जाणारे आले आणि गेले. घर रिकामं झालं. लेक मागे राहिली. दोघं एकमेकांना जपून होती. ती त्याच्या औषधांच्या वेळा बघायची, तो तिला झोप झाली का विचारायचा. त्या सकाळबद्दल कुणीच काही काढत नव्हतं. आपण हसून मान हलवली, हे लेक विसरू शकत नव्हती. "नाटकं करते" हे तो विसरू शकत नव्हता. दोघांनाही वाटत होतं, आपण विषय काढला तर दुसऱ्याला लागेल.

सवय मात्र सुटली नाही. फिटर उठायचा, यंत्र कानात घालायचा, जाऊन खिडकीशी बसायचा. मागे पलंग रिकामा असायचा. लेक चहा आणून हातात द्यायची. एका सकाळी तिने चहा दिला नाही. ती मागेच उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, इकडे वळता का?"

तो वळला. ती पलंगावर बसली होती, बरोबर त्याच जागी, पण तोंड त्याच्याकडे करून.

"त्या दिवशी आई एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होती," ती म्हणाली. "मला ते तोंड दिसत राहतं. भांडी घासताना दिसतं, डोळे मिटले तरी दिसतं. मी करून दाखवते. तुम्ही सांगा."

फिटर नको म्हणायला गेला, पण तोवर तिने सुरुवात केली होती. तिने आधी डावा गाल सैल सोडला, आईचा ओघळला होता तसा. मग नजर त्याच्यावर रोखली. ओठ बाजूला ताणले. किंचित उघडले. मग मिटले आणि सुटले. पुन्हा ताणले, उघडले, मिटले, सुटले. आवाज नव्हता. लेकीच्या तोंडावर कांडीवालीचं तोंड होतं, आणि ते शेडमधल्यासारखं स्वच्छ बोलत होतं.

इकडे बघ.

त्याला वाचायला क्षणही लागला नाही. हे तर त्याने सगळ्यात आधी शिकलेलं. आणि हे नुसतं बोलणं सुरू करण्यापुरतं असतं, हेही त्यालाच माहीत होतं. शेडमध्ये "इकडे बघ" म्हणजे काही सांगणं नव्हे. सांगायचं ते त्याच्यापुढे असतं. समोरच्याची नजर मिळाली की मग. तिला काहीतरी सांगायचं होतं. छातीत कसं होतंय ते, किंवा मला भीती वाटतेय, किंवा लेकीबद्दल काही, किंवा चहाच. ती त्याची नजर मिळायची वाट बघत राहिली, पुन्हा पुन्हा मागत राहिली, आणि पुढचं तिने म्हटलंच नाही.

लेक त्याच्याकडे बघत होती. गाल तिने अजून सैलच सोडलेला होता, उचलायचं विसरून गेली होती.

"चहा मागत होती," फिटर म्हणाला.

"नक्की?"

"माझी हयात गेली शेडमध्ये. म्हणे, चहा दे रे बाबा आता. बाकी काय मागणार सकाळच्या वेळी?"

"दुखतंय वगैरे नाही म्हणाली?"

"छे. दुखतंय म्हणताना ओठ असे मिटत नाहीत." त्याने तिला "दुखतंय" करून दाखवलं. "बघ. आहे का तसं?"

लेकीने बघितलं आणि मान हलवली. मग तिचा चेहरा कोसळला. ती खूप रडली, पण इतके दिवस रडत होती तशी नाही. रडून झाल्यावर ती उठली, चहा केला, आणि दोघांनी घेतला. तिने त्यात विसरून दोनदा साखर घातली होती. त्याने तो तसाच संपवला.

थोड्या दिवसांनी ती आपल्या घरी गेली. जाताना तिने त्याला बजावलं, यंत्र रोज घालायचं, सकाळी चहा घेतल्यावर जिना उतरून निदान कोपऱ्यापर्यंत चालून यायचं, आणि संध्याकाळी मला फोन. मोठं काही नको, बाबा, एवढंच रोज करा. तो हो म्हणाला. आणि तो करतोही. शेजारीपाजारी म्हणतात, फिटरने स्वतःला छान सावरलं. तब्येत बरी आहे, कान सुधारल्यासारखे वाटतात, फोनवर लेकीशी बराच वेळ बोलतो.

फक्त स्टूल त्याने फिरवलंय. आता त्याची पाठ खिडकीकडे असते. उठल्यावर तो यंत्र कानात घालतो, किटलीतून दोन कप चहा ओतून टेबलावर ठेवतो, आणि पलंगाकडे तोंड करून बसतो. उशीवर ऊन सरकत येतं. बाहेर कुणी सतरंजी झटकलेली त्याला ऐकू येते, पण तो मान फिरवत नाही. चहा निवेपर्यंत तो तिकडेच बघत असतो. मग उठतो, दोन्ही कप विसळतो, आणि जिना उतरायला लागतो.